इमॅजिकाचा पुढचा रोलर कोस्टर बोरघाटातून जावा

खोपोली-पाली रस्त्यावरच्या इमॅजिकाबद्दल बोलणे निघाले की ते नायट्रोपासून सुरू होते आणि बहुधा नायट्रोपाशीच संपते. ते स्वाभाविकच आहे, कारण 2013 साली हे उद्यान सुरू झाले तेव्हा त्या तोडीचा रोलर कोस्टर आपल्या राज्यात कोणी पाहिलेला नव्हता, आणि आजही मुंबई-पुण्याहून येणारी तरुण मंडळी तिकिटाचे पैसे प्रामुख्याने नायट्रोसाठीच मोजतात. मात्र उद्यानाचे मोल त्यातल्या सर्वांत मोठ्या राइडवरून ठरवण्याऐवजी, एकत्र गेलेल्या घरातल्या किती माणसांना एका गाडीत बसता आले यावरून ठरवावे, असे मला वाटते. या कसोटीवर इमॅजिकाचे तिन्ही मुख्य कोस्टर तपासून पाहिले, तर त्यांच्यामध्ये एक रिकामी जागा स्पष्ट दिसते. ती जागा आणखी उंच, आणखी वेगवान कोस्टरने भरू नये; ती बोरघाटातल्या रेल्वेची गोष्ट सांगणाऱ्या, पुढे आणि मागे अशा दोन्ही दिशांनी धावणाऱ्या कौटुंबिक कोस्टरने भरावी, असे माझे ठाम मत आहे.

आधी जे आहे त्याविषयी. नायट्रो हा स्वित्झर्लंडच्या बोलिजर अँड माबिलार्ड या कंपनीने बनवलेला, तळ नसलेल्या गाडीचा कोस्टर आहे. गाडी स्थानकात उभी असते तेव्हा पायाखाली नेहमीसारखी जमीन असते; सगळ्यांचे खांद्यावरचे अडसर तपासून झाले की ती जमीन बाजूला होते आणि बूट थेट रुळाच्या वर लोंबकळू लागतात. सुमारे 40 मीटर उंची, ताशी सुमारे 105 किलोमीटर वेग आणि पाच वेळा डोके खाली, पाय वर, एवढे आकडे कोणत्याही देशातल्या उद्यानाला शोभतील असे आहेत. आधुनिक कोस्टरमधला उभा वळसा वर्तुळासारखा पूर्ण गोल नसतो. तो माथ्याकडे अरुंद होत जातो, त्यामुळे तळाशी शरीरावर येणारा दाब आटोक्यात राहतो आणि मानेला हिसका बसत नाही. हे गणित अभियंता वेर्नर श्टेंगेल यांनी 1976 साली कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटनच्या कोस्टरवर प्रथम नीट बसवून दाखवले, आणि त्यानंतर बांधलेल्या प्रत्येक चांगल्या कोस्टरला त्याचा लाभ झाला आहे. नायट्रोत पहिल्या रांगेत बसणाऱ्याला समोरचे डोंगर आणि मोकळी हवा मिळते, तर शेवटच्या रांगेत बसणाऱ्याला पुढचे डबे उतारावर जाऊन खेचू लागल्यावर माथ्यावरून अक्षरशः ओढले जाण्याचा अनुभव मिळतो. दोन्हींचा स्वभाव इतका वेगळा आहे की एका भेटीत जमले तर दोन्ही घ्यावेत. आपल्या प्रकारात ही राइड उत्तम आहे, आणि नेमक्या याच कारणासाठी त्याच आवारात तिला प्रतिस्पर्धी उभा करण्यात मला अर्थ दिसत नाही.

डीप स्पेस हा बंदिस्त, अंधारातला कोस्टर आहे. त्यात साखळीने हळूहळू वर चढण्याची वाट पाहावी लागत नाही. चुंबकीय बलाने गाडी एकदम पुढे फेकली जाते आणि त्यानंतर पुढचे वळण डावीकडे आहे की उजवीकडे, हे कळायला काही मार्ग नसतो. डोळ्यांना रूळ दिसला की शरीर आधीच सावरून बसते, आणि इथे नेमकी तीच सोय काढून घेतलेली असल्यामुळे मध्यम वेगही मोठा वाटतो. शिवाय छप्पर असल्यामुळे पावसाचा प्रश्न येत नाही. तिसरा गोल्ड रश एक्स्प्रेस, अमेरिकेतल्या सोन्याच्या खाणींच्या काळातल्या गाडीच्या रूपातला, लहान मुलांना सोबत घेऊन बसता येईल असा सौम्य कोस्टर. पहिल्यांदा कोस्टरमध्ये बसणाऱ्या मुलासाठी तो अगदी योग्य आहे, पण चौदा वर्षांच्या मुलीला तो दुसऱ्यांदा करावासा वाटेल असे नाही.

आता या तिघांच्या मधली जागा पाहा. आपल्याकडे उद्यानात जाणे ही क्वचितच दोघा मित्रांची सहल असते. आजी, आई-वडील, काका-काकू, दहावीतला दादा आणि दुसरीतली धाकटी असा मेळा एका मोठ्या गाडीतून येतो. गोल्ड रशमध्ये हे सगळे बसतात, पण दादाचे मन भरत नाही. नायट्रोपाशी आले की उंचीच्या अटीत न बसणारी धाकटी, गुडघे दुखणारी आजी आणि त्यांच्यासोबत थांबलेली आई अशी तिघे पिशव्या सांभाळत खाली उभी राहतात. उरलेले वरून ओरडत जातात आणि खाली उभी असलेली माणसे मान वर करून आपला माणूस कोणत्या रांगेत आहे ते शोधत असतात. सगळ्यांनी एकत्र बसून, उतरल्यावर सगळ्यांनी एकाच गोष्टीबद्दल एकदम बोलावे, अशी कोस्टरची राइड त्या उद्यानात अजून नाही. इमॅजिकाची मोठी उणीव कोणती, असे कोणी विचारले तर मी हीच सांगेन.

या जागी काय आणावे, यावर चर्चा होते तेव्हा पहिली सूचना नेहमी उंचीची असते. चेन्नईच्या वंडरलाने तंजोरा हा बोलिजर अँड माबिलार्डचाच, रुळाखाली टांगलेल्या आसनांचा कोस्टर आणल्यापासून तर ही मागणी अधिक जोराने होऊ लागली आहे: त्यांच्याकडे तो आहे, तर आपल्याकडे त्याहून मोठा हवा. ही चढाओढ कोणत्याच उद्यानाला फार काळ जिंकता येत नाही, कारण पुढच्या काही वर्षांत दुसरे कोणीतरी आणखी पाच मीटर वर जाते, आणि खाली पिशव्या सांभाळणारी माणसे तिथेच राहतात. दुसरी सूचना गडकिल्ल्यांची असते. तीही मला पटत नाही. राजगडाचा किंवा तोरण्याचा खरा चढ तिथून काही तासांच्या अंतरावर असताना पुठ्ठ्याच्या बुरुजांमधून गाडी पळवावी, यात त्या गडांचाही मान राहत नाही आणि कोस्टरचाही. गड पायी चढायचा असतो. माथेरानच्या छोट्या गाडीची कल्पना त्या मानाने बरी आहे, कारण नेरळ-माथेरान मार्ग 1907 सालचा आणि सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा. मात्र त्या गाडीचा स्वभावच संथ आहे, आणि तिला पळवायला लागलो की ती माथेरानची राहत नाही.

बोरघाटाचे तसे नाही. कर्जतहून लोणावळ्याकडे चढणाऱ्या या रेल्वेमार्गाच्या इतिहासातच कोस्टरला लागणारे सगळे काही आहे: तीव्र चढ, बोगदे, दरीच्या कडेची वळणे, मागून ढकलणारी इंजिने, उलटी फिरणारी गाडी आणि निसटलेल्या गाडीला अडवण्याची व्यवस्था. हा मार्ग 1863 साली वाहतुकीला खुला झाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स बर्कली यांनी आखलेल्या या मार्गावर सर्वांत खडा चढ सदतीस फुटांना एक फूट असा होता आणि मूळ मार्गावर पंचवीस बोगदे होते. कामाच्या एका टप्प्यावर चाळीस हजारांहून अधिक मजूर त्या कड्यांवर राबत होते, आणि पटकी, ताप व अपघात यांनी त्यांतले कितीतरी जण परत गेले नाहीत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 साली इथे आल्यावर थोड्याच आठवड्यांत वारले, तेव्हा त्यांची पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट हातात घेतले आणि अनुभवी अभियंत्यांच्या मदतीने काम शेवटास नेले. हे सगळे घडले ते इमॅजिकापासून हाकेच्या अंतरावरच्या डोंगररांगेत, आणि तरीही सहलीला येणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांना त्यातले काही ठाऊक नसते.

कोस्टरच्या दृष्टीने त्या मार्गातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तिथले रिव्हर्सिंग स्टेशन. डोंगराच्या सोंडेवर गाडीला वळायला जागाच नव्हती, म्हणून चढून आलेली गाडी सोंडेच्या टोकाशी आणून उभी करत. इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडत. आणि जो डबा आतापर्यंत शेवटचा होता तो पहिला होऊन गाडी वेगळ्या रुळाने पुढचा घाट चढू लागे. नवा मार्ग आणि विजेची इंजिने आली तेव्हा, 1929 साली, हे स्थानक बंद झाले. साठहून अधिक वर्षे मुंबई-पुण्याच्या प्रत्येक प्रवाशाने कड्याच्या टोकाशी थांबून, दरीकडे बघत, उलट्या दिशेने निघण्याचा तो क्षण अनुभवला होता. रोलर कोस्टर बांधणाऱ्याला याहून अधिक काही शोधावे लागू नये.

राइड माझ्या कल्पनेत अशी आहे. स्थानक कर्जतचे, काळ्या दगडी बांधणीचे, पिवळ्या फलकावर काळ्या अक्षरांत नाव. गाडी सुटते आणि लगेच चढ लागतो, पण नेहमीच्या साखळीवर नाही. रुळांमधल्या फिरत्या रबरी चाकांनी गाडी मागून रेटली जाते, आणि मागच्याच बाजूने बँकर, म्हणजे मागून ढकलणाऱ्या इंजिनांची घरघर ऐकू येते. कर्जतला घाट चढणाऱ्या गाडीच्या मागे बँकर जोडली जातात, तो धक्का रेल्वेने नेहमी जाणाऱ्या माणसाच्या अंगवळणी पडलेला असतो. राइडच्या सुरुवातीलाच तोच हलका धक्का बसला, तर जाणकार प्रवासी शेजारच्याकडे वळून पाहील. चढ संथ असावा. पळसदरी, जांब्रुंग, ठाकुरवाडी, नागनाथ, मंकी हिल अशा घाटातल्या सिग्नल केबिनच्या नावाच्या पाट्या एकामागून एक जाव्यात, मधे दोन छोटे बोगदे यावेत, आणि दुसऱ्या बोगद्यातून बाहेर पडताच डाव्या हाताला एकदम मोकळी दरी दिसावी.

चढाच्या माथ्यावर रिव्हर्सिंग स्टेशन. रूळ समोर संपलेला, पुढे फक्त लाकडी अडसर आणि आकाश. गाडी तिथे येऊन थांबते. सात-आठ सेकंद काहीच होत नाही. मागच्या बाजूला सांधेवाल्याच्या केबिनमध्ये कंदील तांबड्याचा हिरवा होतो, लोखंडी दांडा ओढल्याचा खणखणीत आवाज येतो आणि सांधा बदलतो. इथे दिखाव्याचा सांधा ठेवू नये. गाडीच्या मागचा रुळाचा तुकडा खरोखर सरकून वेगळ्या मार्गाला जोडला जावा, आणि खाली रांगेत उभ्या असलेल्या लोकांना तो सरकताना दिसावा. त्यानंतर गाडी मागच्या मागे निघते, आणि ज्या डब्यातली माणसे आतापर्यंत शेवटची होती ती आता सगळ्यांच्या पुढे, पाठ करून, अंधाऱ्या बोगद्यात शिरतात. उतार फार खडा असण्याची गरज नाही. मागे जाताना पुढचे काही दिसत नसल्यामुळे पंधरा मीटरची घसरणही पोटात खड्डा पाडते, आणि तेवढ्या उताराला उंचीची कडक अट लावावी लागत नाही.

बोगद्यातून बाहेर पडल्यावर कॅच सायडिंग. घाटातून उतरणारी गाडी हाताबाहेर गेली तर तिला अडवण्यासाठी मुख्य मार्गापासून वर चढत जाणारा एक आंधळा रूळ ठेवलेला असतो. सांधा एरवी त्याच रुळाकडे लावलेला असतो, आणि उतरणारी गाडी ताब्यात असल्याची खात्री पटल्यावरच तिला मुख्य मार्ग दिला जातो. आमच्या राइडमधली गाडी अर्थातच थांबत नाही. भोंगा वाजतो, ती उलट्या दिशेने भरधाव सायडिंगवर चढते, तोंड जमिनीकडे आणि पाठ आकाशाकडे अशा तिरक्या अवस्थेत क्षणभर थबकते, आणि पुन्हा पुढच्या दिशेने कोसळते. दरम्यान सांधा दुसऱ्यांदा बदललेला असतो. इथून शेवटचा टप्पा सुरू होतो: रुळातले चुंबकीय यंत्र गाडीला पुढे फेकते आणि ताशी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर वेगाने ती जमिनीला लगटून, झाडांमधून, लागोपाठच्या बुटक्या उंचवट्यांवरून जाते. प्रत्येक उंचवट्याच्या माथ्यावर माणूस आसनापासून बोटभर उचलला जातो. नायट्रोच्या उलट्या वळशांमध्ये शरीर आसनात दाबले जाते; हा उचलला जाण्याचा आनंद वेगळ्या जातीचा आहे, आणि तो लहान मुलांपासून साठीच्या माणसांपर्यंत सगळ्यांना हसवतो. जत्रेतल्या आकाशपाळण्यात खाली येताना पोटात जे होते, तेच इथे लागोपाठ पाच-सहा वेळा होते. संपूर्ण राइडमध्ये एकदाही कोणी उलटे होत नाही, आणि होऊ नये. खांद्यावरच्या जड अडसरांऐवजी मांडीवरचा दांडा पुरेसा ठरतो, त्यामुळे आजी-आजोबांना मान अवघडण्याची भीती उरत नाही.

ही कल्पना हवेतली नाही, कारण तिचे सुटे भाग जगात वेगवेगळ्या ठिकाणी चालू आहेत. फ्लोरिडात डिझ्नीच्या अ‍ॅनिमल किंगडममध्ये 2006 साली सुरू झालेल्या एक्सपिडिशन एव्हरेस्टमध्ये गाडी तुटलेल्या रुळापाशी थांबते, मागचा सांधा बदलतो आणि ती अंधारात उलटी जाते. हाँगकाँगच्या डिझ्नीलँडमध्ये 2012 साली सुरू झालेल्या खाणगाडीच्या कोस्टरमध्येही असाच उलटा टप्पा आहे. फ्लोरिडातल्याच युनिव्हर्सलच्या आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचरमध्ये 2019 साली आलेल्या मोटारसायकलच्या कोस्टरमध्ये सात वेळा चुंबकीय धक्का मिळतो, त्याचा एक मोठा टप्पा उलट्या दिशेचा आहे, आणि त्याचा कमाल वेग ताशी सुमारे ऐंशी किलोमीटरच आहे. तरीही तो त्या उद्यानातल्या सर्वांत लोकप्रिय राइडपैकी एक ठरला, कारण नऊ-दहा वर्षांचे मूल आणि त्याचे वडील त्यात शेजारी बसू शकतात. या तिन्ही कोस्टरांना लोक पुन्हा पुन्हा येतात ते गोष्टीसाठी आणि दिशा बदलण्याच्या त्या एका क्षणासाठी. आपल्या उद्यानाला तर ती गोष्ट रचावी लागणार नाही. ती शेजारच्या डोंगरात खरोखर घडलेली आहे.

उंची न वाढवता कोस्टर थरारक कसा करावा, याचा उत्तम धडा इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्सने घालून दिला आहे. तिथे झाडांच्या शेंड्यांपेक्षा उंच काही बांधायला परवानगी नव्हती, म्हणून 1994 साली नेमेसिस हा कोस्टर बांधताना जमीन खोल खणली आणि खडकाच्या घळीतून, कातळाला जवळजवळ चाटून जाणारा रूळ टाकला. त्या घळीमुळेच तो जगभर नावाजला गेला, आणि बहुतेक सगळा रूळ नवा घालून 2024 साली तो पुन्हा सुरू झाला तेव्हा त्याची आखणी मात्र तीच ठेवली गेली. सपाट मैदानावर शंभर किलोमीटरचा वेगसुद्धा फारसा जाणवत नाही. कातळ हातभर अंतरावरून गेला की साठ किलोमीटरही पुरतो. खालापूर तालुक्यातला काळा खडक इथे फार कामाचा आहे. बोगद्यांसाठी रंगवलेल्या फायबरच्या भिंतींऐवजी जिथे जमिनीचा उतार साथ देतो तिथे खरा खडक कापावा, आणि त्यावर पावसाळ्यात आपोआप उगवणारे शेवाळ व नेचे तसेच राहू द्यावेत.

पावसाळ्याचा विचार तर सगळ्यात आधी करायला हवा. सह्याद्रीच्या पायथ्याशी जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो, आणि त्याच महिन्यांत मुंबई-पुण्याची माणसे डोंगरांकडे धाव घेतात. उघड्यावरच्या कोस्टरवर शंभरच्या वेगात पावसाचे थेंब चेहऱ्याला सुयांसारखे टोचतात, आणि विजा चमकू लागल्या की कोणतेही जबाबदार उद्यान उघडा कोस्टर थांबवते. ते बरोबरच आहे. बोरघाटाच्या कोस्टरचा जवळजवळ अर्धा मार्ग बोगद्यात आणि छपराखाली असल्यामुळे साध्या पावसात तो चालू ठेवता येईल, आणि वेग कमी असल्यामुळे उरलेल्या उघड्या भागात पाऊस त्रासदायक न वाटता हवासा वाटेल. वेग आटोक्यात आणण्यासाठी चुंबकीय ब्रेक वापरावेत, कारण त्यांत घर्षण नसते; धातूची पट्टी चुंबकांमधून जाताना तयार होणाऱ्या विद्युतप्रवाहाने गाडी मंद होते, आणि रूळ ओला असो की कोरडा, त्यात फरक पडत नाही. पावसाळ्यातला घाट म्हणजे धबधबे. चढाच्या बाजूने कृत्रिम पंप न लावता, साठवलेले पावसाचे पाणी सोडून एक धबधबा वाहता ठेवावा. उन्हाळ्यात तो कोरडा राहिला तरी हरकत नाही, कारण खरा घाटही उन्हाळ्यात कोरडाच असतो. एकाच राइडची जुलैतली आणि एप्रिलमधली रूपे वेगळी असतील, तर माणसे वर्षातून दोनदा येतील.

गाडी उलटी जाणार म्हटल्यावर आई-वडिलांच्या मनात सुरक्षिततेचा प्रश्न येतो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर. कोस्टरच्या गाडीची चाके आगगाडीसारखी नुसती रुळावर टेकलेली नसतात. काही चाके रुळाच्या वर, काही बाजूला आणि काही खालच्या अंगाला असतात. खालच्या चाकांची ही युक्ती अमेरिकेतल्या जॉन मिलर यांनी शंभर वर्षांपूर्वीच शोधली. तिन्ही बाजूंनी रूळ धरलेला असल्यामुळे गाडी पुढे जाते की मागे, याने तिच्या पकडीत काही फरक पडत नाही. एकाच मार्गावर अनेक गाड्या असताना त्या एकमेकींवर येऊ नयेत म्हणून मार्गाचे तुकडे पाडलेले असतात आणि पुढचा तुकडा रिकामा झाल्याशिवाय मागची गाडी त्यात शिरूच शकत नाही. ही पद्धत रेल्वेच्या ब्लॉक पद्धतीचीच आहे, आणि या राइडमध्ये ती लपवून ठेवण्याऐवजी दाखवावी: रांगेच्या वरच्या बाजूला जुन्या केबिनमध्ये असे तसा मार्गाचा फलक लावावा आणि कोणती गाडी कोणत्या तुकड्यात आहे ते त्यावरच्या खऱ्या दिव्यांनी दिसावे. घाबरलेल्या मुलाला ते दिवे दाखवत रांगेत वेळ छान जाईल, आणि घाबरलेल्या वडिलांचाही.

या आखणीची खरी अडचण रांगेची आहे. सांधे बदलायला वेळ लागतो, आणि दोन सांधे असलेला कोस्टर साध्या कोस्टरइतक्या भराभर गाड्या सोडू शकत नाही. चोवीस आसनांची गाडी दर सव्वा मिनिटाने सुटली, तर तासाला साडेअकराशे माणसे बसतात. सुटीच्या दिवशी कौटुंबिक राइडला त्याहून कमी क्षमता परवडणार नाही. म्हणजे किमान तीन-चार गाड्या, आणि माणसे चढवायला व उतरवायला दोन वेगळे फलाट हवेत. खर्च वाचवण्यासाठी पहिल्यांदा यालाच कात्री लावली जाते, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे. पैसे वाचवायचेच असतील तर शेवटच्या टप्प्यातले दोन उंचवटे कमी करावेत, पण गाड्या आणि फलाट कमी करू नयेत. सजावटीतले हलणारे पुतळेही नसले तरी चालतील.

रांगेतल्या वाटेवर मात्र दोन गोष्टी असाव्यात. घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे आणि त्याची आख्यायिका खोपोलीतल्या कोणाही ज्येष्ठाला विचारली तरी तो सांगतो: घाटाची वाट इंग्रजांना सापडत नव्हती, ती शिंग्रोबा धनगराने आपल्या मेंढरांमागून जाऊन दाखवली, आणि बक्षीस म्हणून त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले तेव्हा त्याला गोळी घातली गेली. आजही जुन्या रस्त्याने जाणारे गाडीवाले तिथे नाणे वाहतात. देवळाची प्रतिकृती उभारू नये, ती श्रद्धेची जागा आहे. पण रांगेची वाट मेंढरांच्या पायवाटेसारखी नागमोडी असावी आणि सुरुवातीलाच ही कथा चांगल्या मराठीत, एखाद्या कसलेल्या कथेकऱ्याच्या आवाजात ऐकू यावी. दुसरी गोष्ट म्हणजे ज्यांनी सुरुंग लावले, दगड फोडले आणि पटकीने मेले त्या मजुरांची आठवण. त्यांची नावे बहुतेक कुठे लिहिलेली नाहीत. एका भिंतीवर त्यांची हत्यारे आणि कामाचा इतिहास नीट, गंभीरपणे मांडावा, आणि त्या भिंतीपाशी पार्श्वसंगीत बंद ठेवावे. मनोरंजनाच्या उद्यानात हे कशाला, असे म्हणणारे भेटतील. मला वाटते, मुले अशा गोष्टी नीट ऐकतात आणि घरी जाताना त्यांबद्दलच प्रश्न विचारतात.

गाडीतल्या सूचनाही आधी मराठीत असाव्यात, मध्य रेल्वेच्या फलाटावर ऐकू येतात तशा स्पष्ट आणि शांत, आणि मग हिंदी व इंग्रजीत. आताच्या तिन्ही कोस्टरांच्या कथा शर्यतीच्या, अंतराळाच्या आणि अमेरिकेतल्या खाणीच्या आहेत. इथल्या मातीचा कोस्टर एकही नाही. 2022 साली हे उद्यान संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आले. शिर्डीत साईतीर्थासारखे इथल्या श्रद्धेवर उभे असलेले उद्यान चालवणाऱ्या या मंडळींना स्थानिक गोष्टीची ताकद समजावून सांगण्याची गरज नसावी. गोराईचे एस्सेलवर्ल्ड, जिथे 1989 पासून मुंबईच्या दोन पिढ्या पहिल्यांदा कोस्टरमध्ये बसल्या, तेही 2022 सालीच बंद झाले. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या मुलांना पहिला मोठा कोस्टर दाखवण्याची जबाबदारी प्रामुख्याने खोपोलीवर आली आहे.

तोवर जे सहकुटुंब जाणार असतील त्यांनी सकाळी दार उघडताच गोल्ड रशने सुरुवात करावी, म्हणजे लहानांची भीड चेपते; त्यानंतर ज्यांची तयारी असेल त्यांनी जेवणाआधी नायट्रो करावा, शक्य झाल्यास एकदा पुढून आणि एकदा मागून; आणि दुपारचे ऊन किंवा पावसाची सर आली की डीप स्पेसकडे वळावे. रेल्वेने जाणार असाल तर खोपोली लोकलने जावे: कर्जतनंतर पळसदरीला घाटाचा मार्ग आपल्यापासून वेगळा होऊन वर चढताना खिडकीतून दिसतो.